सोनं शोधायला गेले, कारभारी झाले!

कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन नावाचा बर्फाळ मुलूख आहे. क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर, आणि १९११ च्या जनगणनेत माणसं अवघी ८,५१२! पुढच्याच वर्षी या मुलखाचा कारभार जॉर्ज ब्लॅक या वकिलाच्या हाती आला. त्यांच्या कारकिर्दीतल्या या काही गमती.

कोट खुंटीला, कुदळ हातात
१८७३ मध्ये न्यू ब्रन्सविक प्रांतात जन्मलेले ब्लॅक शिकून वकील झाले. १८९६ मध्ये युकॉनमधल्या क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोनं सापडलं आणि जो तो उत्तरेकडे धावत सुटला. १८९८ मध्ये वकीलसाहेबही निघाले. पुढे कुदळ ठेवून त्यांनी डॉसन शहरात वकिली थाटली. सोन्याच्या गावात हद्दीचे तंटे काय कमी!

वर्षभराचं सामान दाखवा, मगच आत या
युकॉनमध्ये शिरायचं तर वर्षभर पुरेल इतका शिधा सोबत हवा, असा पोलिसांचा दंडक होता. अवजारं धरून ते ओझं माणशी जवळजवळ टनभर व्हायचं! शिकागोच्या मार्था पर्डी १८९८ मध्येच चिलकूट खिंड चढून आल्या, त्याही गरोदरपणी. तेव्हाच्या नवऱ्याने ऐनवेळी बेत बदलला होता. डॉसनमधल्या लाकडी खोपटात त्यांनी मुलाला जन्म दिला, पुढे लाकडाची गिरणीही चालवली. १९०४ मध्ये त्या मिसेस ब्लॅक झाल्या.

साहेब नेमणार ओटावा
तेव्हा युकॉनचा कमिशनर म्हणजे आपल्याकडच्या केंद्रशासित प्रदेशाच्या प्रशासकासारखा. लोकांनी निवडलेली दहा जणांची परिषद होती, पण कमिशनर नेमायचं काम केंद्र सरकारचं. ब्लॅक आधी या परिषदेवर निवडून आले होते. पक्षाने काँझर्व्हेटिव्ह. दिल्लीची जागा इथे ओटावाला. तिथे त्यांच्या पक्षाचं सरकार आलं आणि १९१२ मध्ये कमिशनरपद त्यांच्याकडे चालून आलं.

बर्फावरून मोटार
डॉसन ते व्हाइटहॉर्स हा पाचशेहून अधिक किलोमीटरचा हिवाळी रस्ता घोड्यांच्या बर्फगाड्यांचा. तिथून मोटारही जाऊ शकते, हे दाखवायला १९१२ च्या ऐन डिसेंबरात कमिशनरसाहेब स्वतः मोटारीत बसून निघाले. आणि पोचलेसुद्धा!

साहेब युद्धावर, खुर्ची बेपत्ता
१९१६ मध्ये त्यांनी पद सोडलं, युकॉनच्या गड्यांची तुकडी उभारली आणि पहिल्या महायुद्धात उतरले. मार्थाबाईही हट्टाने सैनिकांच्याच जहाजातून इंग्लंडला गेल्या. १९१८ मध्ये ब्लॅक फ्रान्सच्या रणांगणावर जखमी झाले. त्याच वर्षी इकडे ओटावाने काटकसरीचा बडगा उगारला. कमिशनरपद गुंडाळून कारभार सोन्याच्या खाणींवरच्या अधिकाऱ्याकडे सोपवला. माणसंच उरली नव्हती. १९२१ च्या जनगणनेत आकडा ४,१५७ वर आला.

संसदेत ससे?
१९२१ मध्ये ब्लॅक युकॉनचे खासदार झाले आणि १९३० मध्ये थेट कॉमन्स सभागृहाचे अध्यक्ष! आपल्या दालनाच्या खिडकीतून ते पार्लमेंट हिलवरच्या सशांवर छोट्या पिस्तुलाने नेम धरायचे, असं सांगतात. उत्तरेची सवय, दुसरं काय!

खासदारकी घरातच
१९३५ मध्ये प्रकृतीने दगा दिला आणि ब्लॅक यांनी अध्यक्षपद सोडलं. निवडणूक तोंडावर. मग मार्थाबाई उभ्या राहिल्या. देशभर त्यांच्या पक्षाचं पानिपत झालं, पण ६९ वर्षांच्या मार्थाबाई निवडून आल्या. कॅनडाच्या कॉमन्स सभागृहात पोचलेल्या त्या दुसऱ्याच महिला. १९४० मध्ये नवरोजी ठणठणीत होऊन पुन्हा उभे राहिले, जिंकले आणि १९४९ पर्यंत खासदार राहिले. सलग २८ वर्षं युकॉनची खासदारकी एकाच घरात!

नाव कुणाचं गाजलं?
मार्थाबाईंचा छंद म्हणजे रानफुलं. युकॉनची फुलं गोळा करून, वाळवून त्यांनी त्यांवर पुस्तकही लिहिलं. १९५७ मध्ये त्या गेल्या, तर जॉर्ज १९६५ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी. वकील, कमिशनर, कॅप्टन, खासदार, अध्यक्ष अशी सगळी पदं जॉर्जरावांनी भूषवली खरी. पण कॅनडाच्या तटरक्षक दलाच्या बर्फफोड्या जहाजावर नाव झळकतं ते ‘मार्था एल. ब्लॅक’ यांचं!