काळ्या मातीचं कुलूप

जुळे सोलापुरात कुठे नव्या घराचा पाया खणत असतील, तर दोन मिनिटं कडेला उभं राहून खड्ड्याची भिंत बघावी. वर हात-दोन हात काळी माती. तिच्यात मध्येच ज्वारीच्या दाण्यापासून बोराएवढे पांढरट चुनखडीचे खडे. खाली पिवळसर मुरूम, आणि त्याच्याही खाली काळा दगड, ज्याच्यासाठी ब्रेकर मागवावा लागतो. काही प्लॉटवर काळी माती वीतभरच असते, काही ठिकाणी तर मुरूमच उघडा. पण वरपासून खालपर्यंत हे सगळं मूळ एकाच दगडाचं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, थिजले आणि बेसॉल्ट झाला. तो झिजून मुरूम झाला, मुरूम झिजून माती.

या दगडात काय नाही? कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, पालाश, स्फुरद, जस्त, मँगनीज आहे. लोह तर इतकं, की बेसॉल्टच्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग लोहाच्या ऑक्साइडांचा असतो. झाडाला लागणाऱ्या मुख्य अन्नद्रव्यांपैकी एकटं नत्र या दगडात जवळपास नसतं.

आणि तरीही याच वसाहतीतल्या कितीतरी अंगणांत जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडलेली दिसतात, शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाची उपासमार आहे. लोहाने भरलेल्या मातीत मुळं रोवून झाड लोहासाठी तडफडतं, हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी थक्क झालो होतो. मग आपण नर्सरीतून हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, आणून कुंडीत टाकतो. पानं थोडी हिरवी होतात आणि पुन्हा पिवळी पडतात, कारण चुनखडीच्या मातीत ते नवं लोहही काही दिवसांत न विरघळणाऱ्या रूपात जाऊन बसतं.

सगळा खेळ सामूचा, म्हणजे पीएचचा, आहे. सोलापूरच्या काळ्या मातीचा सामू साधारण आठच्या आसपास किंवा वर. सामू एका अंकाने वाढला की पाण्यात विरघळू शकणारं लोह सुमारे हजारपटीने घटतं. म्हणजे सामू सहा असलेल्या मातीत जेवढं लोह मुळाला सहज मिळेल, त्याचा दहा लाखावा हिस्सा इथे. स्फुरदाचंही तसंच: तो कॅल्शियमला चिकटून बसतो. माती गरीब नाही, कुलूपबंद आहे. आणि याची किल्ली मातीत राहणाऱ्या जिवांकडे आहे.

चिमूटभर चांगल्या मातीत, म्हणजे साधारण एका ग्रॅममध्ये, शंभर कोटींपर्यंत जिवाणू असू शकतात. ते मातीत सारखे पसरलेले मात्र नसतात. बराचसा भाग त्यांच्यासाठी ओसाडच असतो, आणि गर्दी असते ती मुळाभोवतीच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या थरात. जर्मन शास्त्रज्ञ लोरेंझ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये या थराकडे लक्ष वेधलं. गर्दी का, याचं उत्तर झाडाच्या वागण्यात आहे. पानांनी उन्हात तयार केलेल्या अन्नाचा बराच मोठा वाटा झाड स्वतः वापरतच नाही, तर साखरा, आम्लं, अमिनो आम्लं यांच्या रूपाने मुळांतून बाहेर सोडून देतं. सोलापूरच्या उन्हात कष्टाने केलेली कमाई मातीत ओतून टाकायची, हे वरवर शुद्ध नुकसानीचं वाटतं. पण त्या साखरेवर जमलेले जिवाणू ग्लुकॉनिक आम्लासारखी आम्लं सोडतात आणि कॅल्शियमला चिकटलेला स्फुरद सुटा होतो. लोहासाठी ते वेगळीच युक्ती करतात. लोहाला सर्व बाजूंनी धरून ठेवणारे छोटे रेणू ते बाहेर पाठवतात. त्यांना सिडेरोफोर म्हणतात. स्युडोमोनास गटातल्या काही जिवाणूंचे हे रेणू अतिनील प्रकाशात पिवळट-हिरवे चमकतात. जिथे लोहाचा कण न कण असा गोळा होतो तिथे रोग आणणाऱ्या बुरशीला लोह कमी पडतं, हा आणखी एक फायदा.

यापुढची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. जिवाणूंनी गोळा केलेलं नत्र त्यांच्या शरीरात असतं. मग ते झाडाला कसं मिळतं? जिवाणू खाल्ले जातात म्हणून. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यात अमिबासारखे एकपेशीय जीव फिरत असतात. जिवाणूच्या शरीरात साधारण पाच कार्बनमागे एक नत्र असतं. अमिबा तो जिवाणू गिळतो, बराचसा कार्बन श्वसनात जाळून टाकतो, आणि आता त्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त नत्र उरतं. ते तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, तेही मुळाच्या अगदी दारात, कारण शिकार तिथेच आहे. आपल्या कुंडीत क्षणोक्षणी हे चाललेलं असतं. म्हणूनच माती नुसती ओली किंवा नुसती कोरडी असून भागत नाही, वाफसा असावा लागतो. पाणी साचलं की हवा जाते, पाण्याचा थर आटला की अमिबा कवच करून झोपतो.

बुरशींचा संसार तर याहून जुना. स्कॉटलंडमधल्या राइनी इथल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत अगदी आरंभीच्या वनस्पतींचे अवशेष सापडले, तेव्हा त्यांच्या पेशींतही बुरशी होती. खरी मुळं अजून उत्क्रांत व्हायची होती, पण ही भागीदारी सुरू झालेली होती. आज जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पती, ज्वारी, तूर, मिरची, वांगं, डाळिंब, मोगरा, अशा मायकोरायझा बुरशीशी जोडलेल्या असतात. तिचे तंतू काही मायक्रॉन जाडीचे. मुळाला जिथे शिरता येत नाही अशा चिकणमातीच्या फटींत ते शिरतात. स्फुरद मातीत जवळजवळ हलतच नाही. मूळ आपल्या आसपासचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा करून बसतं, आणि बुरशी कित्येक सेंटिमीटर पलीकडून तो आणून देते. देवाणघेवाण होते मुळाच्या पेशीच्या आत, जिथे बुरशी बारीक फांद्या फुटलेल्या झुडपाचा आकार घेते. मोबदल्यात झाड तिला आपल्या कमाईचा ४ ते २० टक्के कार्बन देतं.

बाजारात मायकोरायझाची पाकिटं विकत घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. कोबी, मुळा, मोहरी आणि पालक ही मंडळी ही भागीदारी करत नाहीत. त्यांच्या वाफ्यात ते पाकीट टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

सोलापूर शहराजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पेनिसिलियम पिनोफिलम नावाच्या बुरशीवर काम केलं आहे. ही बुरशी खनिजांत अडकलेला पालाश मोकळा करते. माळरानाच्या हलक्या जमिनीवर डाळिंब घेणाऱ्या या जिल्ह्याच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे, कारण तो पालाश बाहेरून आणलेला नसतो, तिथल्याच दगडाचा असतो.

राहिलं नत्र. ते दगडात नाही, हवेत आहे, आणि हवेचे सुमारे ७८ टक्के तेच आहे. पण त्याच्या दोन अणूंमधला बंध इतका पक्का की झाडाला तो तोडता येत नाही. कारखान्यात तो तोडायला ४००-५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. हेच काम हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीत राहणारे रायझोबियम जिवाणू हिवाळ्यातल्या गार मातीत करतात. थंडीत हरभऱ्याचे डहाळे विकायला येतात तेव्हा मुळासकट जुडी मिळाली तर मुळं नुसती झटकून टाकू नका. माती हलक्या हाताने धुतली की मुळांना चिकटलेल्या वेड्यावाकड्या गाठी दिसतात. एक नखाने चिरा. झाड कोवळं असेल तर आतून गुलाबी रंग दिसेल, घाटे भरत आले असतील तर हिरवट-तपकिरी. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या गोत्रातला. नत्राचा बंध तोडणारं विकर ऑक्सिजन लागताच निकामी होतं, आणि जिवाणूला जगायला मात्र ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवतं आणि अगदी मोजून सोडतं. हरभऱ्याचा रायझोबियम वेगळा, तुरीचा वेगळा, म्हणून जिवाणू संवर्धक घेताना पिकाचं नाव बघून घ्यायचं असतं.

आता सोलापूरचा उन्हाळा. पारा ४२-४३ च्या पुढे, काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा. या दिवसांत असंख्य जिवाणू मरतात, उरलेले बीजाणू करून पडून राहतात. मग पहिला पाऊस येतो. मातीचा जो वास सुटतो त्यातला मोठा भाग जिओस्मिनचा. तो स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंनी बनवलेला असतो, आणि आपल्या नाकाला तो लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी कळतो. वास सुटतो तेव्हाच मातीत प्रचंड घडामोड सुरू होते. उठलेले जिवाणू मेलेल्यांच्या शरीरावर आणि सुट्या झालेल्या सेंद्रिय पदार्थांवर तुटून पडतात आणि नत्राचा एक लोंढा मोकळा होतो. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये हे मोजमापासह मांडलं. पहिल्या पावसानंतर झाडं ज्या वेगाने हिरवी होतात तसं नळाच्या पाण्याने होत नाही, हा आपला अनुभव. त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

या सगळ्याला लागतो सेंद्रिय कर्ब, आणि आपल्या मातीत तोच तुटपुंजा आहे. ऊन तो जाळतं, धसकटं आणि कडबा आपण उचलून नेतो. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. इथल्या केंद्रात रब्बी ज्वारीवर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वीसहून अधिक वर्षं एक प्रयोग चालला. हेक्टरी ५० किलोपर्यंत नत्र द्यायचं, पण कशातून? नुसत्या युरियातून, शेणखतातून, कडब्यातून, सुबाभळीच्या पाल्यातून, की मिसळून? निम्मं नत्र सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मं युरियातून दिलेले तुकडे उत्पादनात आणि जमिनीतला कर्ब टिकवण्यात पुढे राहिले. सेंद्रिय की रासायनिक असे दोन तट पाडून भांडणाऱ्यांनी हा निकाल शांतपणे वाचावा असं मला मनापासून वाटतं.

जीवामृताबद्दलही असंच स्पष्ट बोलायला हवं. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ते घरोघर पोचवलं: २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, एका एकरासाठी. या सगळ्यातलं नत्र हिशेबाने फार तर पाव किलोच्या आसपास भरेल; ज्वारीला वर सांगितलेल्या प्रमाणाने एकरी २० किलो लागतं. म्हणजे जीवामृत हे खत म्हणून पुरणारं नाही. ते जिवाणूंचं विरजण आहे, आणि खाली पालापाचोळा, शेणखत, धसकटं असं काही खायला असेल तरच त्याला अर्थ आहे. मूठभर माती बांधावरची घ्यायची हे मात्र फार शहाणपणाचं, कारण बांध नांगरला जात नाही आणि तिथली वस्ती मोडलेली नसते.

गच्चीवर हेच नियम लागू. नुसत्या कोकोपीटमध्ये ही वस्ती जवळजवळ नसतेच, म्हणून त्यात थोडी जिवंत माती आणि मुरलेलं शेणखत हवं. नुसती काळी मातीही कुंडीत दगड होते. तिच्यात पालापाचोळ्याचं खत आणि थोडा बारीक मुरूम मिसळावा. ओला कचरा कुजवायचं पिंप भोकं पाडलेलं असावं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्या नाडेप हौदाला, १० बाय ६ बाय ३ फुटांच्या, विटांमध्ये मुद्दाम खिडक्या ठेवलेल्या असतात त्या हवेसाठीच. एप्रिल-मेमध्ये कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात आणि मातीवर वाळलेल्या पानांचं चार बोटं आच्छादन असावं. निंबोळी पेंड टाकताना तिचं एक काम लक्षात असू द्या. ती नत्राचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी करते, त्यामुळे नत्र पाण्याबरोबर लवकर वाहून जात नाही. २०१५ पासून देशातल्या शेतीच्या युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, त्यामागे हेही एक कारण आहे.

आपल्या कुंडीतली माती जिवंत आहे का, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. सोलापुरात घरोघरी जुनी सुती चादर असते. तिचे वीतभर लांबीचे सारखे तुकडे कापा. एक कोकोपीटच्या कुंडीत, एक शेणखत घातलेल्या कुंडीत आणि एक अंगणातल्या कडुनिंबाखाली, सगळे चार बोटं खोल पुरा. अमेरिका-कॅनडातले शेतकरी यासाठी सुती अंतर्वस्त्रं पुरतात. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज, आणि ते बुरशी-जिवाणूंचं अन्न. उन्हाळ्यात कोरड्या कुंडीत काहीच होणार नाही, म्हणून दोन-तीन पाऊस झाल्यावर जूनमध्ये पुरायचं आणि गणपतीच्या सुमारास काढून शेजारी-शेजारी ठेवायचं. जो तुकडा उचलताना हातात तुटेल ती माती कामाला लागलेली. जो धुऊन पुन्हा वापरता येईल, त्या कुंडीत आधी शेणखत आणि बांधावरची मूठभर माती घाला. किनारीची शिवण पॉलिस्टरच्या धाग्याची असेल तर ती तिन्ही ठिकाणी जशीच्या तशी मिळेल.