नथ शार्प, डोळे सॉफ्ट

नवरीचा चेहरा पडद्यावर मोठा केला आणि गडबड लक्षात आली. नथीतला एकेक मोती मोजून घ्यावा इतका स्वच्छ, पापण्या मात्र पिठूळ. पुढचा फोटो तसाच, त्याच्या पुढचाही. पुण्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या या तरुणाने फोकसचा चौकोन दर वेळी डोळ्यावरच ठेवला होता. हात हलला असता तर मोतीही हलले असते. नवरी हलली असती तर एखाददुसरा फोटो बिघडला असता, सगळे एकाच दिशेने बिघडले नसते. फोकस दर वेळी डोळ्यांच्या अलीकडे पडत होता. फोटोग्राफर याला ‘फ्रंट फोकस’ म्हणतात. नथीऐवजी कानातल्या कुड्या स्वच्छ आल्या असत्या, तर तो ‘बॅक फोकस’.

लेन्स सेकंडहँड, ५० मिमी, एफ/१.८. ती खराब निघाली असं ठरवून विकून टाकणं सोपं होतं. त्याने त्याआधी एक रविवार तिच्यासाठी मोकळा ठेवला.

आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकस मोजण्याची जागा वेगळी आणि फोटो उमटण्याची जागा वेगळी. लेन्समधून आलेला बराचसा प्रकाश मुख्य आरशावरून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. थोडा प्रकाश त्या आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून पार होतो, मागच्या छोट्या आरशावर पडतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरकडे वळतो. हा सेन्सर लेन्सच्या दोन कडांकडून आलेल्या प्रतिमा एकमेकींशी ताडून पाहतो आणि लेन्सने कुठल्या बाजूला किती सरकायचं ते ठरवतो. बटण दाबलं की दोन्ही आरसे बाजूला होतात आणि मगच प्रकाश मुख्य सेन्सरवर पोचतो. या दोन वाटांची लांबी तंतोतंत सारखी हवी. छोटा आरसा केसभर सरकलेला असला, तरी फोकस पुढे किंवा मागे पडतो.

लेन्सच्या घडणीतही थोडाफार फरक असतोच. कॅमेरा आणि लेन्स यांची चूक एकाच दिशेची असली तर ती वाढते, उलट दिशेची असली तर फिटून जाते. म्हणून दोष पुष्कळदा एकट्या लेन्सचा नसतो, जोडीचा असतो. तीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर बिनचूक चालू शकते.

हॉलमध्ये खिडकीजवळ टेबल मांडलं. कालनिर्णयचं जुनं पान पुठ्ठ्यावर चिकटवून ताठ उभं केलं. पांढऱ्यावर काळा ठसठशीत आकडा, ठळक कडांचा. फोकस सेन्सरला असंच काहीतरी लागतं. शेजारी तीस सेंटीमीटरची फूटपट्टी, कंपासपेटीतल्या ४५ अंशांच्या गुण्याला टेकवून तिरपी ठेवलेली. शून्याचं टोक कॅमेऱ्याकडे आणि १५चा आकडा बरोबर पानाच्या रेषेत. फोकस थेट फूटपट्टीवर धरायचा नाही. फोकस सेन्सरचा खरा पट्टा व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा मोठा असू शकतो. तिरप्या पट्टीवर तो कुठला आकडा पकडेल याचा भरवसा नाही. फोकस सपाट पानावर, वाचन पट्टीवर.

ट्रायपॉड दीड मीटरवर, म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थच्या तीसपट अंतरावर. लग्नातले ते फोटोही साधारण एवढ्यावरूनच काढलेले. कॅमेरा पानाला समांतर आहे का, हे त्याने छोट्या आरशाने पाहिलं. आरसा पानावर सपाट धरला आणि व्ह्यूफाइंडरमधून लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत ट्रायपॉड सरकवला. मग पंखा बंद केला, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं, आयएसओ १०० आणि दोन सेकंदांचा टायमर लावला.

ॲपर्चर उघडं ठेवण्यामागे हिशेब आहे. एपीएस-सी सेन्सरवर, दीड मीटरवरून, एफ/१.८ ला रूढ हिशेबाने जेमतेम साडेसहा सेंटीमीटर जाडीचा पट्टा फोकसमध्ये येतो. एफ/८ ला तो तीस सेंटीमीटरच्या जवळ जातो आणि दोष त्यात लपून जातो.

पहिला फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये. इथे आरसा वर असतो आणि फोकस मुख्य सेन्सरवरच पाहिला जातो, त्यामुळे छोट्या आरशाचा संबंधच उरत नाही. दहापट मोठं करून त्याने हाताने फोकस लावला. आकड्याची कड सुरीसारखी आली. हा फोटोही सॉफ्ट आला असता तर काचेतच दोष शोधावा लागला असता. लेन्स निर्दोष होती.

मग व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग मुद्दाम बिघडवायची, एकदा अनंताकडे, एकदा जवळच्या टोकाला. एका फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ऑटोफोकस दर वेळी त्याच जागी थांबत नाही. पडद्यावर शंभर टक्के आकारात पाहिल्यावर आठ फोटोंत सर्वांत स्वच्छ रेघा १२ ते १३च्या दरम्यान सापडल्या, दोन फोटोंत १४जवळ. म्हणजे पट्टीवर अडीच सेंटीमीटर अलीकडे. पट्टी ४५ अंशांत तिरपी, म्हणून खरं अंतर त्याच्या सुमारे सात-दशांश, पावणेदोन सेंटीमीटर. डोळा आणि नथ यांच्यात जवळपास तेवढंच अंतर असतं.

यावर उपाय कॅमेऱ्यातच असतो. २००७ साली आलेल्या कॅननच्या ईओएस-१डी मार्क थ्री आणि निकॉनच्या डी३ मध्ये लेन्सगणिक उणे २० ते अधिक २० पर्यंत फोकस सरकवण्याची सोय होती. कॅनन तिला मायक्रोॲडजस्टमेंट म्हणतं, निकॉन फाइन ट्यून. उणे म्हणजे फोकस कॅमेऱ्याकडे, अधिक म्हणजे पलीकडे. स्वस्त मॉडेलांत बहुधा ही सोय नसते. तेव्हा बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्याव्या लागतात. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे आरशाची ही भानगड तिथे नाही.

या तरुणाच्या कॅमेऱ्यात सोय होती. अधिक ५ ला स्वच्छ पट्टा १३.५वर आला, अधिक १५ ला १६च्या पुढे गेला. अधिक ९ वर पुन्हा दहा फोटो काढले, तेव्हा तो १५च्या दोन्ही बाजूंना सारखा पसरला. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली तीच मालिका पुन्हा काढली, कारण प्रकाशाचा रंग बदलला की फोकस सेन्सरचं वाचनही सरकू शकतं. पट्टा थोडा हलला, पण १५ला धरून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आईला खिडकीत बसवलं. तिने डब्यातली नथ काढून घातली. सहा फोटो, फोकस डावीकडच्या डोळ्यावर. चारांत पापणीचा केस न् केस दिसला आणि नथ किंचित मऊ झाली. उरलेल्या दोनांत आई बोलता बोलता पुढे झुकली होती. त्याने वहीत बॉडी, लेन्स, अंतर, तारीख आणि अधिक ९ अशी नोंद केली आणि बॅगेतून ८५ मिमीची लेन्स बाहेर काढली.