आकडेही तोच झोत लिहितो

टेक्ट्रॉनिक्सने १९६९मध्ये ७००० मालिकेचे ऑसिलोस्कोप आणले आणि लहरीच्याच पडद्यावर मापंही उमटू लागली. यात मायक्रोप्रोसेसर नव्हता. कंपनीचे अभियंता बॅरी गिल्बर्ट यांनी सगळं काम विद्युतप्रवाहाच्या पायऱ्यांवर भागवलं.

स्कोपमध्ये बसवलेल्या प्लग-इनमधून दोन तारांवर शून्य ते एक मिलिअँपिअरपर्यंतचे प्रवाह येतात, ०.१ मिलिअँपिअरच्या टप्प्यांनी. एक प्रवाह अक्षरांच्या तक्त्यातली ओळ सांगतो, दुसरा स्तंभ. तक्त्यातल्या त्या घरातलं अक्षर निवडलं जातं. हे प्रवाह एकामागून एक छोट्या कालखंडांत येतात; असे दहा कालखंड मिळून एक शब्द.

अक्षरांसाठी वेगळा झोत नाही. लहर काढणारा इलेक्ट्रॉन-झोतच दर अक्षरासाठी सुमारे २० मायक्रोसेकंद उसना घेतला जातो. लहरीतली ती फट एरवी जाणवत नाही. एकदाच येऊन जाणारी लहर टिपताना मात्र खटकते. म्हणून लहर पूर्ण झाल्यावरच अक्षरं लिहिण्याची सोयही दिली गेली.

खरी गंमत प्रोबची. संकेत दहापट कमी करणाऱ्या प्रोबच्या जोडाशी एक रोधक असतो. प्रोब लावला, की स्कोपच्या जोडाभोवतीच्या कड्याशी तो रोधक जोडला जातो, पहिल्या कालखंडातली प्रमाणाची सूचना बदलते आणि १० मिलिव्होल्टचे आपोआप १०० होतात.