हिवतापाच्या परजीवीची गुणसूत्रे : रचना व जनुकांची मांडणी

प्रस्तावना

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी आढळला. पुढे २००२ मध्ये प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम या सर्वांत घातक जातीचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. एकदा हिवताप होऊन गेलेल्या माणसाला तो पुन्हा का होतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी या आराखड्यात मिळते.

गुणसूत्रांची रचना

इतर सजीवांप्रमाणेच या परजीवीचा डीएनए दुहेरी गोफासारखा असतो. सुमारे २ कोटी ३० लाख बेस-जोड्या १४ गुणसूत्रांत विभागलेल्या असून जनुकांची संख्या सुमारे ५,३०० आहे. डीएनएच्या चार घटकांपैकी ॲडेनिन व थायमिन या दोघांचेच प्रमाण येथे सुमारे ८० टक्के आहे. मानवात ते ५९ टक्क्यांच्या आसपास असते.

जनुकांची मांडणी

पेशीच्या नित्य कार्याची जनुके मुख्यतः गुणसूत्राच्या मध्यभागात असतात व ती फारशी बदलत नाहीत. टोकांजवळचा प्रदेश मात्र अस्थिर असतो. 'व्हार' नावाच्या सुमारे ६० जनुकांपैकी बहुसंख्य तेथेच आढळतात. त्यांच्यापासून बनणारे प्रथिन लाल रक्तपेशीच्या पृष्ठभागावर येते. त्यामुळे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि प्लीहेच्या गाळणीतून सुटते. एका परजीवीत एका वेळी साधारणतः एकच व्हार जनुक कार्यरत असते. शरीराने त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करेपर्यंत काही परजीवींनी दुसरे जनुक सुरू केलेले असते. शिवाय निरनिराळ्या गुणसूत्रांची टोके पेशीकेंद्राच्या कडेला एकत्र येतात, आपसांत डीएनएचे तुकडे बदलतात आणि त्यातून नवी व्हार जनुके निर्माण होतात.

निदानावरील परिणाम

या अस्थिरतेचा फटका रोगनिदानालाही बसतो. फॅल्सिपेरमच्या अनेक झटपट चाचण्या 'एचआरपी-२' हे प्रथिन ओळखतात. त्याचे जनुक आठव्या गुणसूत्राच्या व त्याच्याशी साम्य असलेले 'एचआरपी-३' तेराव्याच्या टोकाजवळ आहे. ही दोन्ही जनुके गळालेला परजीवी रक्तात असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. पेरू देशातील असे परजीवी २०१० मध्ये प्रथम नोंदले गेले. नंतर आफ्रिकेतही ते आढळले.

समारोप

सारांश, जनुक कोणते आहे याइतकेच ते गुणसूत्रावर कोठे आहे यालाही महत्त्व आहे. म्हणूनच हिवतापाची लक्षणे असताना केवळ एका नकारात्मक झटपट चाचणीवर विसंबून न राहता रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे आवश्यक ठरते.