मुलाकडे लंडनला जाताय? आधी तब्येतीचा बेत आखा

पैठणसारख्या गावातही "मुलाकडे लंडनला चाललो" हे वाक्य आता नवलाचे राहिलेले नाही. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांची धावपळ मुले करतात. चटण्या, पापड, गोडा मसाला यांची तयारी घरातल्या बायका करतात. तब्येतीची तयारी मात्र बहुतेक वेळा कोणीच करत नाही.

आमच्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त शिक्षक पत्नीसह तीन महिने लंडनला राहून आले. वय अडुसष्ट, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. परतल्यावर तपासले तर साखर बरीच वाढलेली, पायांवर सूज. चौकशी करता कळले की, गोळ्या सातव्या आठवड्यात संपल्या. तिकडचा औषधविक्रेता तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या देईना. मुलाला उगाच खर्च नको म्हणून गुरुजी गप्प राहिले. सोमवार ते शुक्रवार मुलगा-सून कामावर, हे दोघे घरात टीव्हीसमोर. रविवारी मात्र एका दिवसात सगळे लंडन पाहण्याचा सपाटा. पाच दिवस बैठक आणि एक दिवस दमछाक, असे तीन महिने चालले. यातले बरेचसे टाळता आले असते.

निघण्यापूर्वी

मुक्काम जितका, तितक्या दिवसांची औषधे आणि वर पंधरा दिवसांची जास्त घ्यावीत. ती मूळ पाकिटातच असू द्यावीत. डॉक्टरांकडून औषधांची शास्त्रीय नावे लिहिलेले इंग्रजी पत्र घ्यावे. आपल्याकडची कंपनीची नावे तिकडे कोणी ओळखत नाही. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर हे पत्र फारच महत्त्वाचे. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे, खाली सामानात टाकल्यास ते गोठून निकामी होऊ शकते.

प्रवासाचा आरोग्यविमा उतरवताना जुने आजार लपवू नयेत. ब्रिटनमध्ये पाहुण्याला अपघात विभागातील तातडीचे उपचार मोफत मिळतात, पण दवाखान्यात दाखल व्हावे लागले तर सरकारी दराच्या दीडपट बिल येते. लपवलेल्या आजारामुळे विमा नाकारला गेला तर तो भार मुलावर पडतो. अडीअडचणीला ९९९ आणि साध्या वैद्यकीय सल्ल्याला १११ हे दोन क्रमांक पाठ करून ठेवावेत.

मुंबई ते लंडन प्रवास नऊ-दहा तासांचा. एका जागी बसून राहिल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी न पिणे ही मोठी चूक आहे. लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, म्हणजे जाताना दिवस लांबतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवसाच्या मात्रा डॉक्टरांना विचारून लिहूनच घ्याव्यात.

काय पाहावे, कसे पाहावे

पहिले तीन दिवस फक्त घराजवळ, उजेडात फिरावे. झोपेचे चक्र त्यानेच जागेवर येते. जूनमध्ये तिथे रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, तेव्हा अंधाराची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे जेवावे आणि झोपावे.

नंतर "एक दिवस बाहेर, एक दिवस घरी" हा नियम ठेवावा. एका दिवशी एकच ठिकाण. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी यांना प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे पैसे वसूल करण्यासाठी पाय तोडायचे कारण नाही. दोन तास पाहावे, पुन्हा कधी यावे. पैठणकरांनी ब्रिटिश म्युझियममधील अमरावतीची शिल्पे जरूर पाहावीत. ही अमरावती विदर्भातली नव्हे, आंध्रातली. तिथला स्तूप सातवाहनांच्या काळात वैभवाला पोहोचला आणि सातवाहनांची राजधानी म्हणजे आपले प्रतिष्ठान! सातासमुद्रापलीकडे आपल्या गावाशी नाते सांगणारा दगड भेटतो, याचे समाधान वेगळेच.

बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकताना जिथे राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले आहे. जवळच प्रिमरोझ हिलची टेकडी आहे, दम लागत नसेल तर सावकाश चढावी. १९३२ मध्ये स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिल भागात आहे. मराठी बोलायला माणूस मिळणे हेही औषधच आहे.

भुयारी रेल्वेच्या अनेक स्थानकांत लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर बसने जावे. बसचा पायठा खाली असतो आणि रस्ताही दिसतो. मात्र बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड मुलाकडून आधीच घ्यावे.

काय खावे

तूप, पेढे, खवा असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ सामानातून ब्रिटनमध्ये नेण्यास बंदी आहे. ताजी फळे, कढीपत्ता यांचाही मोह टाळावा. वेंबली, साउथॉल भागांत ज्वारी-बाजरीचे पीठ, डाळी, मेथी, भेंडी सारे मिळते. तेव्हा घरी भाकरी, वरण, पालेभाजी हाच पाया ठेवावा.

खरी गडबड होते ती दुपारी एकटे असताना. पाव, बिस्किटे, चिप्स हाताशी असतात. पावात मीठ आहे हे चवीला कळत नाही, पण शंभर ग्रॅम पावात ते साधारण एक ग्रॅम असते. दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमची! पाकिटावरचा तक्ता वाचायला शिकावे. शंभर ग्रॅममध्ये साडेबावीस ग्रॅमहून अधिक साखर किंवा दीड ग्रॅमहून अधिक मीठ असेल तर ते पाकीट परत ठेवावे. शाकाहारी मंडळींनी जिलेटिन हा शब्द लक्षात ठेवावा, ते जनावरांपासून बनते आणि तिकडच्या गोळ्या-मिठायांत आढळते.

बाहेर भूक लागली तर डाळीचे सूप, ओट्सची पेज, किंवा सालीसकट भाजलेला बटाटा आणि घेवडा हे बरे. मधुमेह्यांनी बटाटा अर्धाच खावा आणि साखरेची पुडी खिशात ठेवावी. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटली भरून न्यावी. संग्रहालयांत स्वच्छतागृहे असतात, तेव्हा पाणी तोडू नये.

शेवटचे पण महत्त्वाचे

घरी असण्याच्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालावे. नाथमंदिरापासून गोदाकाठी जाणारी पावले तिथल्या बागेतही चालू शकतात. आणि काही दुखले-खुपले, गोळ्या संपत आल्या, तर मुलाला त्याच दिवशी सांगावे. आई-वडिलांनी गप्प राहून वाचवलेले पैसे मुलांना नको असतात. गुरुजी पुढल्या वर्षी पुन्हा जाणार आहेत. या वेळी औषधांची यादी त्यांनी आजच करायला घेतली आहे.