सेव्हर्नकाठचे फ्रँकवेल

वेल्सच्या डोंगरांत उगम पावून सुमारे ३५४ किलोमीटर वाहणारी सेव्हर्न, ब्रिटनमधील सर्वांत दीर्घ नदी, श्रूझबरी या जुन्या बाजारपेठेच्या नगरास जवळजवळ पूर्ण वेढा घालते. आणि त्या वेढ्याबाहेर, १७९५ मध्ये पुऱ्या झालेल्या वेल्श पुलापलीकडे, लाकडी सांगाड्यांच्या प्राचीन घरांची फ्रँकवेल ही वस्ती आहे. तिच्याच उंचवट्यावरील ‘द माउंट’ या वास्तूत १८०९ साली चार्ल्स डार्विनचा जन्म झाला. सखल गल्ल्यांचे प्राक्तन मात्र निराळे. २००० सालच्या महापुरानंतर, २००३ मध्ये तेथे जो बंदोबस्त पुरा झाला, त्यात कायम भिंतींच्या जोडीला, पुराची खबर येताच खांबांत बसवावयाच्या आणि पाणी ओसरताच काढून ठेवावयाच्या अॅल्युमिनियमच्या फळ्या आहेत. नदीचे नित्य दर्शन रहिवाशांस पारखे होऊ न देणारी ही तजवीज मला अत्यंत सुज्ञपणाची वाटते. कोलहॅमसारख्या शेजारच्या भागात मात्र फेब्रुवारी २०२० मध्ये पाणी शिरलेच. म्हणून या नदीकाठी घर घेणाऱ्याने खरेदीखताइतकेच विम्याचे कागदही बारकाईने पाहावेत: २०१६ पासूनची ‘फ्लड री’ योजना पूरप्रवण घरांचा हप्ता आवाक्यात ठेवते, परंतु २००९ पासून पुढे बांधलेल्या घरांना तिचा आधार नाही.