विश्लेषण : पक्षाघातात मेंदूचेच रसायन मेंदूला का मारते?

पक्षाघाताच्या रुग्णासाठी एकेक मिनिट मोलाचे असते, हे आपण ऐकतो. मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडण्यात आला. प्राणवायूचा पुरवठा तुटणे हे या हानीचे मूळ कारण. पण त्यापाठोपाठ मेंदूतच तयार होणारे ग्लुटामेट हे रसायन पेशींबाहेर साचते आणि हानी वाढवते. एरवी ते साचू न देणारी ‘ग्लुटामेट वाहक’ प्रथिने काय करतात, याविषयी…

ग्लुटामेटचे काम काय?

ग्लुटामेट हे एक अमिनो आम्ल. टोमॅटो, चीज, डाळी अशा रोजच्या अन्नातही ते असते. मेंदूत मात्र ते निरोप्याचे काम करते. एक चेतापेशी ते सोडते, शेजारची पेशी ते ओळखते आणि उत्तेजित होते. शिकणे, आठवणी साठवणे, हालचाली करणे या सगळ्यासाठी ते लागते. मेंदूला उत्तेजित करणारा हा सर्वात प्रमुख चेतासंवाहक आहे.

मग त्याचा निचरा कशाला?

निरोप पोहोचल्यावर निरोप्याने तिथून निघून जायला हवे. अ‍ॅसिटिलकोलीन या दुसऱ्या चेतासंवाहकाचे जागच्या जागी विघटन करणारे विकर असते. ग्लुटामेटसाठी पेशींबाहेर अशी सोय नाही. ते उचलून पेशीच्या आत नेणे हाच उपाय उरतो. ते बाहेर रेंगाळले तर शेजारची पेशी सतत उत्तेजित राहते, तिच्यात कॅल्शियमचा लोंढा शिरतो आणि अखेर ती मरते.

हे काम कोण करते?

पेशीच्या पटलात बसवलेली वाहक प्रथिने. माणसात त्यांचे पाच प्रकार आहेत. मेंदूतील सुमारे ९० टक्के निचरा ‘ईएएटी-२’ हा एकच प्रकार करतो. तो प्रामुख्याने चेतापेशींना सांभाळणाऱ्या, ताऱ्याच्या आकाराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींवर असतो. या पेशी आत घेतलेल्या ग्लुटामेटचे ग्लुटामिन बनवतात आणि ते चेतापेशींना परत देतात. चेतापेशी त्यापासून पुन्हा ग्लुटामेट तयार करतात.

प्रथिन ग्लुटामेट आत कसे ओढते?

पेशीच्या आत ग्लुटामेट बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी अधिक असते. त्यामुळे ते आत नेणे म्हणजे पाणी चढावर नेण्यासारखे आहे. त्यासाठीची ताकद सोडियमकडून मिळते. सोडियम बाहेर जास्त आणि आत कमी असल्याने ते आत येऊ पाहते. ग्लुटामेटच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमचे तीन आणि हायड्रोजनचा एक आयन आत येतो, तर पोटॅशियमचा एक आयन बाहेर जातो. सोडियमचा हा फरक टिकवण्यासाठी पेशीतील पंप अखंड ऊर्जा खर्च करतात. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, त्यामागील हे एक मोठे कारण.

त्याची रचना कशी उलगडली?

या प्रथिनांची जनुकीय ओळख १९९२ मध्ये पटली. आकार समजला तो २००४ मध्ये, समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवातील अशाच प्रथिनावरून. तीन सारखे घटक मिळून एक वाडगा तयार होतो. प्रत्येक घटकाचा एक भाग ग्लुटामेट पकडून लिफ्टसारखा पटलाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो, हे २००९ मध्ये दिसले. माणसातील ‘ईएएटी-१’ची रचना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

पक्षाघातात काय बिघडते?

रक्तपुरवठा थांबला की ऊर्जा संपते आणि पंप बंद पडतात. सोडियमचा फरक नाहीसा होतो. मग वाहक प्रथिने नुसती थांबत नाहीत, तर उलटी चालू लागतात. जे ग्लुटामेट आत साठवायचे, तेच बाहेर ओतले जाते. हे २००० मध्ये प्रयोगातून दाखवण्यात आले.

अन्य आजारांशी संबंध आहे?

‘ईएएटी-२’ नसलेल्या उंदरांना जीवघेणे झटके येतात, असे १९९७ मध्ये आढळले. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या ‘एएलएस’ या आजाराच्या रुग्णांत हे प्रथिन घटलेले असते, असे १९९५ मध्ये दिसले. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार होता.

यावर औषध आहे?

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे नेहमीच्या वापरातील प्रतिजैविक उंदरांत हे प्रथिन वाढवते, असे २००५ मध्ये आढळल्याने आशा निर्माण झाली. मात्र ‘एएलएस’च्या रुग्णांवरील मोठी चाचणी अपयशी ठरली. ग्लुटामेटचा स्राव कमी करणारे रिल्युझोल वापरात आहे, पण त्याने आयुष्य साधारण दोन-तीन महिनेच वाढते. पक्षाघातात ग्लुटामेटचा परिणाम रोखू पाहणारी अनेक औषधेही माणसांवरील चाचण्यांत टिकली नाहीत.

अजिनोमोटोमुळे धोका आहे?

अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचाच क्षार. १९६९ मध्ये नवजात उंदरांना तो मोठ्या मात्रेत टोचल्यावर मेंदूला इजा झाल्याचे दिसले होते. परंतु जेवणातील बहुतांश ग्लुटामेट आतड्यातील पेशीच वापरून टाकतात. रक्तात उरलेले ग्लुटामेट रक्त आणि मेंदू यांच्यातील अडसर सहसा आत जाऊ देत नाही.

मग रुग्णाच्या हाती काय?

वेळ. ग्लुटामेटचा लोंढा अडवणारे औषध नसल्याने रक्तपुरवठा पुन्हा सुरू करणे हाच खरा उपाय आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात. तोंड अचानक वाकडे होणे, एक हात वर न उचलणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी ‘थोडे पडून राहा, बरे वाटेल’ असे म्हणत थांबू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.